पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून थर्माकोल: पावसाळ्यात ओल धरून फुगू नये म्हणून काय करायचं?

पिंप्राळा_साइट

नमस्कार मंडळी. जळगावातली तळमजला अधिक दोन अशी राहती इमारत. आरसीसी फ्रेम, मधे ६ इंची फ्लाय ॲश विटा, बाहेरून सिमेंट-वाळूचा दोन कोटचा गिलावा, वर ॲक्रिलिक रंग. पश्चिमेची भिंत ११ मीटर लांब, साडेनऊ मीटर उंच. त्यात सहा खिडक्या, सगळ्या ॲल्युमिनियम स्लायडिंग. एप्रिल-मे मध्ये ही भिंत रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. दोन बेडरूमना एसी आहे, बाकी खोल्यांना खिडकीतले कुलर.

बाहेरून इन्सुलेशन करायचं ठरलंय. प्रश्न असे:

एक, कंत्राटदार म्हणतो ५० मिमी थर्माकोल, त्यावर खिळे मारून चिकन मेश, त्यावर २० मिमी गिलावा आणि रंग. चालेल का?

दोन, दुसरा सांगतो थर्माकोल पाणी पितो, एक्सपीएसच (थर्माकोलचाच घट्ट, गुळगुळीत भाऊबंद) लावा.

तीन, याच गल्लीत एका बंगल्याला असं काम झालंय. दोन पावसाळ्यांनंतर तिथे प्रत्येक खिडकीच्या खाली फुगवटा आलाय, बाकी भिंत ठीक दिसते. असं का?

चार, मधे प्लास्टिक शीट टाकायची का, वाफ अडवायला?

आणि एक गोष्ट लपवत नाही: जोत्यापासून फूटभर उंचीपर्यंत भिंतीला लोणा (ओलीने फुललेले क्षार) आहे.

गिलावा_गणित

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही. तसं करू नका.

२० मिमी गिलावा म्हणजे चौरस मीटरला साधारण ४० किलो. एवढा भार थर्माकोलमधून आरपार गेलेल्या खिळ्यांवर लोंबकळणार. पण वजनापेक्षा तापमान जास्त घात करतं. साध्या भिंतीवरचा गिलावा तापला की उष्णता मागच्या विटेत उतरते. मागे थर्माकोल असला की तिला जायला वाट नाही, म्हणून मे महिन्यात दुपारी चारला वरचा थर नेहमीपेक्षा जास्त तापतो आणि पहाटे नेहमीपेक्षा जास्त निवतो. ४० अंशांचा फरक धरला तर ११ मीटर लांबीत सिमेंटचा गिलावा जवळपास ५ मिमी लांब-आखूड व्हायला बघतो. कडेला कॉलम, मधे खिडक्या, त्याला मोकळेपणाने हलता येत नाही, मग तो तडकतो. त्यात वळवाची सर साठ अंशांच्या भिंतीवर आदळली की केसासारख्या तडा एका संध्याकाळीत मोठ्या होतात. त्यातून पाणी जाळीपर्यंत पोचतं, जाळी गंजते, गंज फुगतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. यात थर्माकोलचा दोष काहीच नाही.

बाहेरच्या इन्सुलेशनवर गिलावा पातळच हवा. पॉलिमर मिसळलेला तयार बेसकोट ४ ते ५ मिमी, त्यात अल्कलीला दाद न देणारी काचेच्या धाग्याची जाळी, चौरस मीटरला १६० ग्रॅमच्या आसपासची. मग प्रायमर आणि वर दीड-दोन मिमी दाण्याचं टेक्स्चर. गोंदासकट सगळं मिळून चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास जातं. असा थर लवचीक असतो. युरोपात या पद्धतीला मान्यता देण्याआधी नमुन्याची भिंत ७० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर थंड पाण्याचा मारा करतात, आणि हे चक्र ८० वेळा फिरवतात. आपल्याकडचा जून डोळ्यांपुढे आणा, ही चाचणी खान्देशासाठीच लिहिल्यासारखी वाटते. त्या मान्यतेत गृहीत धरलेलं आयुष्य किमान २५ वर्षांचं आहे. मात्र ते संपूर्ण पद्धतीचं आहे. गोंद एकाचा, जाळी दुसऱ्याची, पुट्टी तिसऱ्याची असं जुळवलं तर तो आकडा विसरा.

जाळी कुठे बसते याला फार महत्त्व आहे. आपले कारागीर सवयीने जाळी थेट थर्माकोलवर ताणतात आणि वरून बेसकोट ओढतात. मग जाळी तळाशी राहते आणि तडा वरच्या भागात पडतात. आधी बेसकोट दातेरी थापीने लावायचा, ओल्यातच जाळी दाबायची, वरून पुन्हा बेसकोट. जाळी वरच्या तिसऱ्या भागात यायला हवी, तिची नक्षी अंधूक दिसावी पण धागा उघडा दिसू नये. दोन पट्ट्यांचा एकमेकींवर चढ १० सेमी. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर आधी २० × ३० सेमीचा तुकडा तिरपा लावायचा. हा तुकडा विसरला की कोपऱ्यातून ४५ अंशात तडा ठरलेली.

एक्सपीएस_पक्ष

माझं मत एक्सपीएसच्या बाजूने. बंद पेशींचा माल आहे, पाण्यात बुडवून ठेवला तरी आकारमानाच्या टक्काभरही पाणी घेत नाही. उष्णता अडवण्यातही थोडा सरस, उष्णता वाहण्याचा आकडा (कमी तितका बरा) ०.०३०–०.०३५ विरुद्ध थर्माकोलचे ०.०३५–०.०४०. पैसे जास्त जातील, पण एकदाच जातील.

गिलावा_गणित

जोत्यापाशी आणि जमिनीखाली एक्सपीएसला तोड नाही, तिथे तोच वापरा. पूर्ण भिंतीवर मात्र दोन अडचणी येतात.

पहिली चिकटण्याची. एक्सपीएसची पृष्ठभागाची साय गुळगुळीत असते, तिला सिमेंटचा गोंद धरत नाही. साय खरवडलेली किंवा खाचा पाडलेली शीट नसेल तर बेसकोट काही वर्षांत पत्र्यासारखा सुटतो.

दुसरी वाफेची. थर्माकोलचा वाफेला विरोध हवेच्या २० ते ६० पट धरतात, एक्सपीएसचा ८० ते २००. म्हणजे ५० मिमी थर्माकोल वाफेला साधारण २ मीटर हवेइतका अडवतो, तेवढाच एक्सपीएस ७ मीटरच्या आसपास. भिंतीत कुठूनही पाणी शिरलं, आणि ते शिरतंच, तर बाहेर सुकायची वाट तुम्ही बंद केलीत.

थर्माकोल पाणी पितो ही भीतीही जरा फुगवलेली आहे. एक टक्का आकारमान पाणी धरलं तर त्याची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण ४ टक्क्यांनी वाढते. दहा टक्के म्हणजे चिंब भिजला तर दीडपट होते. वाईट आहे, पण ६ इंची भिंतीला काहीच नसण्यापेक्षा तोही बरा. ओलीने आधी मरतो तो गोंद, बेसकोट आणि आतला गिलावा. इन्सुलेशन सर्वांत शेवटी.

घ्यायचा माल मात्र पॅकिंगचा नको. पॅकिंगचा थर्माकोल घनमीटरला १० किलोच्या आसपास असतो, भिंतीला १८ ते २० किलोचा आणि आग सहज न पकडणाऱ्या प्रतीचा हवा. साइटवर तपासणं सोपं: १ मीटर × अर्धा मीटर × ५० मिमीची शीट वजनकाट्यावर ठेवा. ४५० ग्रॅमच्या खाली भरली तर गाडी परत पाठवा. ताजा कापलेला मालही नको. तो पुढचे काही आठवडे आकसत राहतो आणि सांधे उघडे पडतात. दीड महिना मुरलेला मागा.

सिव्हिल_ताई_धुळे

तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरं उत्तर तिथेच आहे. फुगवटा खिडक्यांखालीच आहे आणि बाकी भिंत ठीक आहे, म्हणजे पाणी भिंतीच्या तोंडातून आलेलं नाही. ते कडेने आलंय.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला १९९०च्या दशकात अशीच प्रकरणं गाजली होती. थर्माकोल आणि पातळ गिलाव्याची घरं, थोड्याच वर्षांत आतलं लाकूड कुजलेलं. गिलावा शाबूत होता. पाणी खिडक्यांच्या आणि छताच्या सांध्यांतून मागे गेलं, आणि मागून बाहेर यायला वाटच ठेवलेली नव्हती. आपली वीट कुजत नाही हे आपलं नशीब. पण आतला गिलावा, पुट्टी आणि प्लायवूडचं कपाट कुजतं.

तुमच्याकडे स्लायडिंग खिडक्या आहेत म्हणून एक गोष्ट नीट बघा. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं किंवा चिरा असतात. पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये साचणारच, ते या भोकांतून बाहेर पडावं अशी ती रचना. बाहेरून ५० मिमी थर्माकोल आणि बेसकोट आला की भिंतीचं तोंड ट्रॅकच्या पुढे सरकतं. कारागीर फटी बंद करताना ती भोकं सिलिकॉनने बुजवतो, नाहीतर टेक्स्चरखाली गाडतो. आता ट्रॅकमधलं पाणी कुठे जाईल? फ्रेम आणि विटेच्या फटीतून थेट थर्माकोलच्या मागे. शीट लाडू पद्धतीने चिकटवली असेल, म्हणजे गोंदाचे पाच गोळे टाकून दाबली असेल, तर मागे पोकळी असते. त्यात पाणी उतरत जातं आणि गोंदाच्या गोळ्यांवर अडकून बसतं. मग ऑक्टोबरच्या उन्हात त्याची वाफ वरचा थर बाहेर ढकलते. हाच तुम्हाला दिसतो तो फुगवटा.

तपासायचं असेल तर ट्रॅक पाण्याने भरा आणि बाहेर उभं राहून बघा. दोन मिनिटांत पाणी सिलच्या (खिडकीखालच्या उतरत्या पट्टीच्या) पुढे टपकायला हवं. ट्रॅक रिकामा झाला आणि बाहेर थेंब नाही, तर पाणी भिंतीत गेलं.

नव्या कामात सिल नव्यानेच बसवा. जुनी ग्रॅनाइटची सिल ५० मिमी थर आला की भिंतीच्या बरोबरीत येते आणि निरुपयोगी होते. नवी सिल ॲल्युमिनियमची किंवा दगडी, उतार बाहेर, तयार तोंडापासून ३० ते ४० मिमी पुढे, खालून पाणी तोडायची खाच. दोन्ही टोकांना सिल वर वळलेली हवी, नाहीतर पाणी खिडकीच्या बाजूच्या भिंतीत शिरतं. दगडी सिलला टोक वळवता येत नाही, तिथे दगडाची उभी पट्टी चिकटवा. सिलच्या खाली फ्रेमपर्यंत पाणीरोधक पट्टी आधी, सिल नंतर. फ्रेम आणि बेसकोट यांचा सांधा नुसता सिमेंटने भरू नका. तिथे ६ ते ८ मिमीची फट ठेवायची, मागे फोमची दोरी आणि वर पीयू सीलंट. ॲल्युमिनियमची फ्रेम उन्हात वेगळी वाढते, थर वेगळा. घट्ट जोडलेला सांधा पहिल्याच उन्हाळ्यात उघडतो.

खिडकीपेक्षा मोठी चोरवाट कठड्याची. कठड्याच्या माथ्यावर नुसता गिलावा असेल तर तिथून शिरलेलं पाणी दोन मजले खाली, इन्सुलेशनच्या मागून, कुठेही निघतं, आणि लोक मधल्या भिंतीला वॉटरप्रूफिंग करत बसतात. माथ्यावर कोपिंग, म्हणजे माथा झाकणारी दगडी टोपी, हवंच. उतार गच्चीच्या बाजूला, दोन्हीकडे ४० मिमी पुढे, खाली खाच. कोपिंगच्या दगडांचे सांधे सीलंटने भरा आणि दर काही वर्षांनी वर चढून बघा. गच्चीच्या बाजूला वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात तिथली गोलाई) नीट मारलेला आहे ना, तेही त्याच फेरीत.

नंदुरबारी

ताईंचं बरोबर, फक्त एक भर. ज्या खिडक्यांत कुलर बसतात तिथे पावसाळ्याच्या आधीच भिंत भिजायला सुरुवात होते. कुलरच्या टाकीचा ओव्हरफ्लो, गळकी नळी, पॅडचे शिंतोडे, सगळं त्याच जागी, मार्च ते जून. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. खिडकीखाली पांढरा क्षाराचा ओघळ दिसतो तो हाच. क्षार टेक्स्चरच्या आत स्फटिक होऊन त्याचा भुगा करतात. कुलरचा स्टँड भिंतीला टेकू देऊ नका. ओव्हरफ्लोला अर्धा इंची नळी जोडून थेट खालच्या गटारात सोडा.

स्टँडचे आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट थर्माकोलवर आवळायचे नाहीत. बोल्ट आवळला की थर दबतो, बेसकोटला गोल तडा जाते आणि पाऊस आत. ब्रॅकेटच्या जागा आधी ठरवून तिथे घट्ट पीयूचा किंवा जड घनतेचा ठोकळा बसवा, बोल्ट विटेत किंवा शक्यतो बीममध्ये न्या, आणि भोकाभोवती सीलंट. पाइपसाठी भोक पाडायचं ते बाहेरच्या बाजूला उतरतं. उलट्या उताराचं भोक म्हणजे घरात नळ.

पिंप्राळा_साइट

खिडकीचं लक्षात आलं, ती ट्रॅकची भोकं इथे सध्याच निम्मी बुजलेली आहेत. आता प्लास्टिक शीटचं सांगा. आणि बाजारात "डॅम्पप्रूफ" म्हणून रबरी रंग मिळतो, तो टेक्स्चरवर मारला तर दुहेरी संरक्षण होईल ना?

गिलावा_गणित

प्लास्टिक शीट नको. ती थंड देशातली कल्पना, तिथे आत गरम आणि बाहेर बर्फ, म्हणून वाफ आतून बाहेर जाते आणि आतल्या बाजूला अडवावी लागते. आपल्याकडे दिशा ऋतूप्रमाणे फिरते.

मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर हवेतला वाफेचा दाब सव्वा किलोपास्कलच्या आसपास. आत कुलर चालू, २९ अंश आणि ७० टक्के, तर २.८. वाफ आतून बाहेर निघते, पण वाटेत थंड जागाच नाही, त्यामुळे कुठे साचत नाही. ऑगस्टमध्ये उलट. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के म्हणजे ३.२, एसी चालू असलेल्या खोलीत २४ अंश आणि ५० टक्के म्हणजे दीड. वाफ आत येते. त्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास आहे, आणि एसीच्या खोलीची आतली भिंत त्याहून थंड. आत व्हिनाइल वॉलपेपर, ऑइल पेंट किंवा भिंतभर लॅमिनेट असेल तर वाफ त्याच्या मागे अडकते, तिथेच पाणी होते आणि काळी बुरशी धरते. पाऊस थांबून ऊन पडलं की अजून जोर: भिजलेला थर ५० अंशांवर गेला तर तिथे वाफेचा दाब १२ पर्यंत चढतो. थर्माकोलचा विरोध त्यातला बराचसा अडवतो, हा त्याचा फायदाच. म्हणून त्या दोन बेडरूममध्ये पश्चिमेच्या भिंतीला आतून साधा डिस्टेंपर किंवा साधा इमल्शन ठेवा. बाकी काही अडवायची गरज नाही.

रबरी रंगाचं. बाहेरचा थर पाणी कमी पिणारा आणि वाफ सोडणारा, दोन्ही पाहिजे. जर्मनीत क्युन्झेल या संशोधकांनी यासाठी सोपी अट मांडली. पाणी शोषण्याचा गुणांक ०.५ पेक्षा कमी, वाफेचा विरोध २ मीटर हवेपेक्षा कमी, आणि या दोघांचा गुणाकार ०.२ पेक्षा जास्त नको. गुणाकाराचा अर्थ असा की जो थर वाफ कमी सोडतो त्याने पाणी तितकंच कमी प्यायला हवं, कारण प्यालेलं पाणी त्याच वाटेने परत जाणार. जाड रबरी रंग पाणी घेत नाही हे खरं, पण कडेने शिरलेलं पाणी त्याच्यामागे कोंडलं की उन्हात फोड येतात. फोड फुटला की तीच पाणी शिरायची नवी जागा. चांगल्या टेक्स्चरवर आणखी काही लागत नाही. सिलिकॉनयुक्त टेक्स्चर परवडत असेल तर ॲक्रिलिकपेक्षा ते घ्या. मालाच्या माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे मागा. विक्रेत्याला देता आले नाहीत तर दुसरा माल बघा.

झालेल्या कामावर तपासायला कार्स्टन ट्यूब मिळते. काचेची नळी पुट्टीने भिंतीला चिकटवायची आणि पाणी भरून पातळी ५, १० आणि १५ मिनिटांनी बघायची. पूर्ण भरलेल्या नळीतला सुमारे १० सेमीचा स्तंभ ताशी १४० किमी वाऱ्याने फेकलेल्या पावसाइतका दाब देतो. चांगल्या टेक्स्चरवर १५ मिनिटांत पातळी जवळपास हलत नाही. साध्या वाळूच्या गिलाव्यावर डोळ्यांदेखत उतरते.

रंग फिकटच ठेवा. थर्माकोल ७५-८० अंशांच्या पुढे आकसतो. पश्चिमेची गडद करडी भिंत मे महिन्यात त्या टप्प्याच्या जवळ जाते. सध्या गडद करड्याची फॅशन आहे, ती पूर्वेच्या भिंतीवर करा.

सिव्हिल_ताई_धुळे

लोण्याकडे कोणी बघितलं नाही अजून, आणि ते आधी आहे. ओल खालून चढते आहे. आत्ता ती बाहेरच्या तोंडातून सुकते, म्हणून फूटभरावर थांबलीय. त्यावर थर्माकोल लावला की बाहेरची वाट बंद, आणि तीच ओल दोन-तीन फुटांवर घरात दिसेल.

आधी कारण शोधा. बहुतेक वेळा बाहेर बागेची माती किंवा पेव्हर ब्लॉक जोत्याच्या ओल थांबवणाऱ्या थराच्या वर चढवलेले असतात. ते खाली उतरवा. भिंतीलगत पाऊण मीटर रुंद कोबा, उतार बाहेर. काळ्या मातीत हा कोबा उन्हाळ्यात भिंतीपासून सुटतो, बोटभर फट पडते आणि जूनचं पहिलं पाणी तिथूनच पायाला जातं. फटीत सिमेंट भरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी परत सुटणार. फोमची दोरी आणि सीलंट. लोण्याचा गिलावा ओलीच्या वर अर्धा मीटरपर्यंत काढून टाका, वीट कोरड्या ब्रशने झाडा, एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात.

सुकली का हे बघायला दोन फूट × दोन फूट पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. चोवीस तासांनी आतल्या बाजूला थेंब, तर पाणी भिंतीतून येतंय. पॉलिथिनच्या बाहेरच्या बाजूला दव असेल तर ते हवेतलं, त्याची काळजी नाही.

इन्सुलेशनची खालची कड जमिनीपासून ३० सेमी वर थांबवा. ॲल्युमिनियमची सुरुवातीची पट्टी, तिला पाणी तोडायची नाक असलेली. त्याखाली उघडं जोतं दिसू द्या. ओल हे एक कारण, दुसरं वाळवीचं. वाळवी थर्माकोल खात नाही, पण त्यातून आरामात बोगदा करून लाकडी चौकटीपर्यंत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उघड्या जोत्यावर तिची मातीची नळी लगेच दिसते.

जुन्या रंगाबद्दल: गोंद रंगाला चिकटतो आणि रंग भिंतीला चिकटलेला नसतो. रंग खरवडा, पोकळ आवाजाचा गिलावा काढा, गुळगुळीत जागी टाचे मारा. मग वेगवेगळ्या आठ-दहा जागी १० × १० सेमीचे थर्माकोलचे तुकडे त्याच गोंदाने लावून चार दिवसांनी हाताने उचकटा. थर्माकोल मधून फाटला तर पुढे जा. अख्खा तुकडा रंगाच्या सालीसकट हातात आला तर अजून खरवडायचं आहे.

सावदा_केळी

विषयाला जोडून विचारतो. केळीच्या रायपनिंग चेंबरला विटांच्या खोलीत आतून पफ पॅनेल (दोन पत्र्यांमधे फोम) लावायचंय. तिथे पण प्लास्टिक नको का?

गिलावा_गणित

दादा, तिथे हिशेब वेगळा. आत १४ ते १८ अंश आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. १६ अंशांना ९० टक्के म्हणजे वाफेचा दाब फक्त १.६ किलोपास्कल, आणि पावसाळ्यात बाहेर तोच तीनच्या वर. चार महिने वाफ सतत आतच ढकलली जाते, म्हणून तिला गरम बाजूला, म्हणजे विटेकडच्या बाजूला अडवायचं. पॅनेलचा पत्राच ते काम करतो. अडचण असते सांध्यांची, दाराच्या चौकटीची आणि केबलच्या भोकांची. तिथे बाहेरच्या बाजूने ब्युटाइल टेप आणि सीलंट सलग हवा. आतल्या सांध्यावर बुरशी दिसली की बाहेरचा सांधा उघडा आहे असं समजा. आणि वीट-पॅनेलमधली फट खाली निचऱ्याला मोकळी ठेवा.

पिंप्राळा_साइट

शेवटचं. पैसे पुरतील तेवढंच करायचं तर? आणि काम कधी काढू, दिवाळीआधी संपेल?

नंदुरबारी

घाई नको भो. परतीचा पाऊस गेला की भिंत दोन-तीन आठवडे सुकू द्या, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. बेसकोटला ५ ते ३५ अंश लागतात. मार्चनंतर पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी लावलेला बेसकोट सिमेंट धरायच्या आधीच सुकतो, नखाने खरवडला तर भुकटी निघते. तेव्हा करायचंच असेल तर परांचीला हिरवी नेट बांधा आणि सकाळी अकरापर्यंतच लावा. पाइपने धो धो पाणी मारायची सवय इथे कामाची नाही, पहिल्या दिवशी पॉलिमरच धुऊन जातं. हलका फवारा पुरे, तोही दुसऱ्या दिवसापासून. बेसकोटच्या प्रत्येक मिलिमीटरला एक दिवस थांबून मग प्रायमर. आणि थर्माकोल उघडा ठेवून आठवडाभर सुट्टीवर जाऊ नका, उन्हाने पिवळा पडून वर पावडर धरते. तशी धरली तर पॉलिश पेपर मारून झाडल्याशिवाय बेसकोट चढवू नका.

शीट लावताना कडेने सलग ५ सेमी रुंद गोंदाची पट्टी आणि मधे तीन गोळे, चिकटलेलं क्षेत्र निदान ४० टक्के. दहा-पंधरा शीट झाल्या की एक ओल्यातच काढून बघा, मिस्त्रीला राग आला तरी चालेल. कड सलग असली की मागे हवा आणि पाणी फिरत नाही. सांधे विटेसारखे सोडून-सोडून, आणि खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत सांधा अजिबात नको, तिथे शीट इंग्रजी एलसारखी कापायची. २ मिमीपेक्षा मोठ्या फटीत गोंद भरू नका, थर्माकोलची कापट घाला. दोन दिवसांनी प्लास्टिकचे डॉवेल (शीट विटेला धरून ठेवणारे खुंटे), चौरस मीटरला सहा, विटेत ५० मिमी. वरच्या मजल्याच्या कोपऱ्यांना आठ करा, वारा तिथे जास्त ओढतो.

सिव्हिल_ताई_धुळे

पैशांचं. सगळी इमारत गुंडाळू नका. ६ इंची भिंतीतून जाणारी उष्णता ५० मिमी थर्माकोलने साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. ७५ मिमी केला तर आणखी थोडी उतरते, पण फायदा पहिल्या ५० मध्येच जास्त. पश्चिमेची भिंत करा, उत्तरेची सोडा. वरच्या मजल्याच्या खोल्यांना मात्र भिंतीआधी गच्ची, कारण मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो.

आणि पैसे कापायचेच तर क्षेत्रफळ कापा, कडा कापू नका. कंत्राटात कोपिंग, सहा सिल, सीलंटचे रनिंग मीटर, कोपऱ्याच्या जाळीचे तुकडे आणि डॉवेल वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. चौरस फुटाच्या एका दरात ते घातले की साइटवर आधी तेच गायब होतात. शेवटचं बिल देण्याआधी सहाही ट्रॅक पाण्याने भरून बघा. मग कठड्यापासून नाही, खालून वर, एकेका पातळीला दहा मिनिटं नळी धरा. वरून सुरुवात केली तर पाणी आत दिसेल, पण कुठल्या सांध्यातून आलं ते कळणार नाही.